सल्ला: ‘क्लिनिक सोडून कॉलेजात गेले तर मुलांना वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल का?’

पत्र थोडं कापून देतेय.

“मॅडम, मी पुण्यात एका प्रायव्हेट चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, एमओटी म्हणजे मास्टर्सही पेडियाट्रिक्समधूनच केलंय, सहा-सात वर्षं बहुतेक ऑटिझम असलेलीच मुलं बघतेय. आता एका कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरची जागा मिळतेय, पगार आत्तापेक्षा कमी. पीएचडी करायचीय, ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरच्यांवर. पण जे सर गाईड म्हणून तयार आहेत ते म्हणतात फॅमिलीबिमिली राहू दे, तीस मुलं घे, थेरपीच्या आधी आणि नंतर सेन्सरी प्रोफाइलचे (आवाज, स्पर्श वगैरे मुलाला कसे झेपतात त्याची प्रश्नावली) स्कोअर काढ, दोन वर्षांत मोकळी होशील. सासरे म्हणतात चांगलं चाललेलं सोडून मास्तरकी कशाला. नवरा म्हणतो तुझं तू ठरव. आणि मला स्वतःला टोचतं ते हे की ज्या मुलांना आठवड्यातून तीनदा बघते त्यांना सोडून मी पेपर लिहायला जाणार. नाव छापू नका, आणि मला अहो-जाहो करू नका.”

बरं, नाही करत.

सासऱ्यांपासून सुरू करते कारण ते सोपं आहे. आपल्या फील्डचा, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचा (ओटी, आंघोळ-जेवण-शाळा अशी रोजची कामं जमवून देणारी थेरपी), पाया मास्तरकीनेच घातलाय म्हणावं. कमला निंबकर जन्माने अमेरिकन, निंबकरांशी लग्न करून इकडे आल्या, आणि १९५० साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये त्यांनी ओटीचं स्कूल सुरू केलं, आशियातलं पहिलं. दोन वर्षांत आपली राष्ट्रीय असोसिएशनही उभी केली आणि त्याच १९५२ मध्ये जागतिक फेडरेशन स्थापन झालं तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. त्यांनी नुसता वॉर्ड सांभाळला असता तर त्या वॉर्डातल्या पेशंटचं भलं झालंच असतं, पण तू आणि मी कुठे असतो? (फलटणला मॅक्सीन बर्नसनबाईंनी काढलेली शाळा आहे ना, कमला निंबकर बालभवन, ते नाव ह्यांचंच. आपल्या कॉलेजातल्या पोरांना हे माहीत नसतं याचा मला दरवेळी राग येतो.)

आता तुझं टोचणं. ते खोटं नाहीये आणि ‘तू तर हजारो मुलांचं भलं करशील’ असं काही बोलून मी ते उडवून लावणार नाही, कारण तुझ्याकडे येणाऱ्या त्या मुलाला हजारो मुलांशी काही घेणं नाही, त्याला त्याची ताई पाहिजे. त्याबद्दल शेवटी बोलते. पण एक हिशोब कर. आठवड्यातून तीन सेशन, पाऊण पाऊण तास, म्हणजे सव्वादोन तास. बाकीचा आठवडा ते पोर घरी, शाळेत, रिक्षात, आजीच्या मांडीवर असतं, आणि आपल्या क्लिनिकमधल्या झोपाळ्यावर शांत झालेलं पोर घरी मिक्सर लागला की परत कानावर हात ठेवून किंचाळतं. त्या उरलेल्या आठवड्यात काय होतं हे आपण विचारतो कधी? सेशन संपल्यावर दारात उभं राहून, पुढचं मूल आत येता येता, ‘घरी कसा आहे?’ आणि आई म्हणते ‘ठीक आहे’. हेच आपलं फॅमिली असेसमेंट. तुला घरच्यांवर काम करावंसं वाटतंय ते या ‘ठीक आहे’च्या मागे काय आहे ते कळावं म्हणूनच ना? मग तू मुलांना सोडून चाललीस असं कसं म्हणतेस, तू त्या उरलेल्या आठवड्यात शिरतेयस.

घरच्यांवर रिसर्च म्हटलं की मला आधी थोडी भीती वाटते हे पण सांगते, कारण या विषयाचा इतिहास काही बरा नाही. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ मध्ये अकरा मुलांवरचा ऑटिझमचा तो पहिला पेपर लिहिला त्यातच आईवडिलांच्या कोरडेपणाबद्दल शेरे आहेत, आणि पुढची वीसेक वर्षं, ब्रूनो बेटेलहाइमसारख्यांच्या नादाने तर अजून जास्त, ‘आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं’ हे विज्ञान म्हणून खपलं. ते पाडलं कोणी, तर बर्नार्ड रिमलंडने, १९६४ मध्ये, जो सायकॉलॉजिस्ट होता आणि स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचा बाप होता. आपल्याकडे बेटेलहाइम कोणी वाचला नाही पण गरजच नाही पडत, आपल्याकडे ते घरपोच मिळतं. आई नोकरी करते म्हणून, प्रेग्नन्सीत ग्रहण पाळलं नाही म्हणून, मोबाईल हातात दिला म्हणून, दृष्ट लागली म्हणून. आणि दुसऱ्या टोकाला ‘काही नाही गं, त्याचा बाबा पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता’, यात दीड-दोन वर्षं जातात ती वेगळीच. तर तू फॉर्म घेऊन घरात शिरलीस की त्या आईला पहिलं हेच वाटणार की आता ही पण माझी चूक शोधायला आली. म्हणून तुझा प्रश्न ‘आईवडिलांच्या कशामुळे मुलावर परिणाम होतो’ असा नको, ‘या घराचा दिवस कसा जातो’ असा पाहिजे. आणि तो प्रश्न फक्त ओटीच विचारू शकते असं माझं मत आहे, थोडं पक्षपाती असेल. सायकॉलॉजिस्ट स्ट्रेसचा स्कोअर काढेल, डॉक्टर डायग्नोसिस देईल, पण आंघोळ, जेवण, झोप, शाळेची तयारी, पाहुण्यांकडे जाणं हा आपला विषय आहे, पहिल्या वर्षापासून शिकतो आपण तो.

आणि हे आधी झालंय. बेथ डिग्रेस म्हणून अमेरिकेतल्या ओटी प्राध्यापक, त्यांचा २००४ चा पेपर मिळव कुठून तरी. पाच कुटुंबं फक्त. पाच! त्यांनी विचारलं काय, तर तुम्ही ‘कुटुंब म्हणून’ एकत्र असं काय करता. आणि घरच्यांनी जे सांगितलं त्याचा सार असा की सगळं घर ऑटिझमभोवती फिरतं, सगळा वेळ मुलाला गुंतवून ठेवण्यात आणि शांत ठेवण्यात जातो, कुटुंब म्हणून जगणं आमच्याकडून लुटलं गेलं, आणि ‘हां, आता आपण सगळे एकत्र आहोत’ असं वाटावं असे क्षण येतात ते उडते. मला त्यातलं ते गुंतवून ठेवणं आणि शांत ठेवणं फार लागलं, कारण आपण होम प्रोग्रॅमच्या नावाखाली आईच्या हातात जे कागद देतो त्यातला निम्मा भाग तोच असतो. अजून ब्रशिंग करा (अंगावर मऊ ब्रश फिरवणं), अजून उड्या मारून घ्या, अजून एक चार्ट भिंतीला लावा, आणि ती बाई दुपारचं जेवण ओट्याशी उभ्याने जेवते. नंतर रोझॅन शाफ आणि मंडळींनी २०११ मध्ये चार कुटुंबांच्या रोजच्या दिनक्रमावर काम केलं, मुलाच्या सेन्सरी अडचणींनी घराचं रोजचं गाडं कसं बदलतं हे बघायला. हीच शाफ २०१४ मध्ये बत्तीस मुलांचा सेन्सरी इंटिग्रेशनचा (झोपाळा, उड्या, स्पर्श अशा खेळांतून संवेदना झेपायला शिकवणारी आपली थेरपी) रँडमाइज्ड, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडलेला, स्टडी करते, म्हणजे आकड्यांचं काम येत नाही म्हणून घरांकडे वळली असं कोणी म्हणू शकत नाही. दोन्ही एका करिअरमध्ये बसतं.

‘हे सगळं अमेरिकेत’ असं सर म्हणतील, तर गोव्याकडे बोट दाखव. संगथ या तिथल्या संस्थेच्या गौरी दिवाण आणि टीमने २०१२ मध्ये गोव्यातल्या ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरच्यांशी बोलून त्यांच्या अडचणी काय, ते कसं निभावतात आणि काय मिळत नाही यावर पेपर केला. इंटरव्ह्यू आणि गटचर्चाच होत्या. आणि तेवढ्यावर न थांबता पुढे पालकांमार्फत द्यायची एक थेरपी ब्रिटनमधून घेऊन इथल्या घरांना बसेल अशी केली आणि गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी, दोन ठिकाणी मिळून ६५ मुलांवर ट्रायल केली, थेरपिस्ट नसलेल्या साध्या ट्रेनिंग दिलेल्या कार्यकर्त्यांकडून. लॅन्सेट सायकिअॅट्रीमध्ये २०१६ ला आली. पालक मुलाच्या लयीने बोलायला लागले, मूल स्वतःहून संवाद सुरू करायचं प्रमाण वाढलं. एका मोजमापात निकाल उलटा आला, पालक आणि मूल दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याच्या, आणि तेही त्यांनी छापलं, हे मला आवडलं. तर बघ, आधी घरच्यांचं ऐकून घेतलं, मग ट्रायल. हा क्रम लक्षात ठेव, तुझ्या सगळ्या करिअरचा नकाशा यात आहे, पीएचडी हा फक्त पहिला टप्पा.

आता सर. सरांना वाईट म्हणू नकोस, त्यांनी अनेक पोरं पास करून दिली असणार आणि तीस मुलांचा प्री-पोस्ट (आधी-नंतरचा) स्टडी ही आपल्याकडची मळलेली वाट आहे. पण तिच्यात दोन मोठे खड्डे आहेत. एक, तुलनेला दुसरा गटच नसेल तर सहा महिन्यांत मूल सहा महिन्यांनी मोठं पण होतं, शाळा बदलते, स्पीच थेरपी चालू असते, मग फरक पडला तो कशाने? ब्रिटनमध्ये १३८ मुलांची सेन्सरी इंटिग्रेशनची मोठी ट्रायल झाली, २०२२ मध्ये आली, आणि वर्तनाच्या मुख्य मोजमापात नेहमीच्या सेवांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. याचा अर्थ आपण सगळे दुकान बंद करून घरी बसा असा नाही, पण तीस मुलांचे स्कोअर वर गेले म्हणून थेरपी लागू पडली असं लिहायचे दिवस गेले एवढं नक्की. दुसरा खड्डा जास्त गमतीचा आहे. सेन्सरी प्रोफाइल भरतं कोण? आईच ना! ‘आवाजाने दचकतो का’, नेहमी, कधीकधी, क्वचित. ती कुठल्या घरात बसून भरतेय, चाळीत की सोसायटीच्या अकराव्या मजल्यावर, रात्री नीट झोपली होती का, थेरपीला दर महिन्याला किती पैसे ओतलेत आणि ते वाया गेले असं स्वतःशी म्हणायची तिची तयारी आहे का, हे सगळं त्या टिकमार्कमध्ये येतं. म्हणजे सरांचा स्टडी पण शेवटी आईचा इंटरव्ह्यूच आहे, फक्त तिला बोलू न देता घेतलेला. हे सरांना असंच्या असं म्हणू नकोस. पण यातून एक मधला रस्ता निघतो. थोड्या मुलांचे स्कोअर घे आणि त्याच घरांत जाऊन तो स्कोअर कुठून आला ते विचार. सरांना आकडे मिळतील, तुला घर.

आणि दोन वर्षांचं म्हणशील तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला किमान तीन वर्षं आहेत, त्यामुळे ते गाजर विसर.

विषय बारीक कर. ‘ऑटिझम असलेल्या मुलांच्या कुटुंबांची क्वालिटी ऑफ लाइफ’ असं काही घेतलंस तर बुडशील. एक तुकडा घे दिवसाचा किंवा वर्षाचा. सकाळी उठल्यापासून व्हॅन येईपर्यंत. किंवा केस कापणं, हा विषय कोणी का घेत नाही कळत नाही मला, बाप खांदे धरतो, आजोबा पाय धरतात, न्हावी दोन मिनिटांत जमेल तेवढं कापतो, कितीतरी घरांत मूल झोपल्यावर आई कात्री चालवते. किंवा गणपती. दहा दिवस ढोलताशे, घरी पाहुणे, रोजचं सगळं वेळापत्रक उलटंपालटं, आणि प्रत्येक नातेवाईक येऊन विचारणार ‘अजून बोलत नाही का?’ पुण्यात बसून हा विषय तुझ्या खिडकीखालून जातो. अशा एका तुकड्यात सेन्सरी पण येतं, नातेवाईक पण येतात, कोण घरी थांबलं आणि कोण मिरवणुकीला गेलं यात नवरा-बायकोचं पण येतं, न विचारता.

आणि फक्त आईला विचारू नकोस. अख्ख्या जगातला ‘फॅमिली’ रिसर्च म्हणजे बहुतेक वेळा आयांचा रिसर्च असतो, कारण त्याच वेळ काढतात. आपल्याकडे सकाळी मुलाला भरवणारी आजी असते, तिला कोणी विचारत नाही, तिला उलट ‘तुम्ही लाडावून ठेवता’ म्हणून आपणच गप्प केलेलं असतं. बाबा खाली गाडीत बसलेले असतात, त्यांच्याकडे गाडीतच जाऊन बस, घरापेक्षा तिथे जास्त बोलतात पुरुष. मोठी बहीण असेल तर तिच्याशी, घरच्यांची आणि तिची स्वतःची परवानगी घेऊन. आणि ज्याच्यामुळे हे सगळं चाललंय त्याला पण, शब्दांत नाही तर फोटोंमधून, आवडतं-नावडतं कार्डांमधून, जमेल तसं. त्याच्याबद्दल त्याच्यादेखत बोलायचं आणि त्याला काही विचारायचंच नाही, ही आपल्या धंद्याची जुनी खोड आहे.

भाषेबद्दल तू लिहिलं नाहीस पण प्रश्न येणारच. इंटरव्ह्यू मराठीत घे, मराठीतच उतरवून काढ, कोडिंग (उत्तरांतले मुद्दे वेगळे काढून त्यांना नावं देणं) पण मराठीत कर, थिसिसमध्ये जेवढी वाक्यं जाणार तेवढ्यांचंच इंग्रजी कर. आधीच सगळं इंग्रजी केलंस की ‘जीव मेटाकुटीला आला’ आणि ‘वैताग आला’ दोघांचं ‘स्ट्रेस’ होऊन बसतं आणि मग तुझ्या हातात काही उरत नाही. असं काम सरांनी केलं नसेल तर को-गाईड शोध, सोशल वर्क किंवा समाजशास्त्रातला, मुंबईला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) किंवा तुमच्याच युनिव्हर्सिटीत चौकशी कर.

तुझ्या स्वतःच्या थेरपीतल्या मुलांची घरं घेऊ नकोस. ही गोष्ट मी अजिबात सैल सोडणार नाही. आठवड्यातून तीनदा जिच्या हातात मूल देतो तिला ‘नाही, आम्हाला स्टडीत यायचं नाही’ असं कुठली आई म्हणेल? एथिक्स कमिटीही हेच विचारेल, आयसीएमआरच्या संशोधन-नीतीवरच्या २०१७ च्या गाइडलाइन्स नीट वाचून जा. दुसऱ्या सेंटरमधून, शाळांमधून, पालकांच्या ग्रुपमधून घरं शोध. रेकॉर्डर चालू असताना सल्ला देऊ नकोस, हात शिवशिवतील पण नको. बंद केल्यावर मात्र त्या आया तुला विचारणारच, आणि बहुतेक वेळा प्रश्न थेरपीचा नसतो, कागदांचा असतो. तेव्हा तोंड वेडंवाकडं करून ‘ते माझं क्षेत्र नाही’ म्हणू नकोस. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, सर्टिफिकेटसाठी आयएसएए ही चाळीस प्रश्नांची आपली भारतीय स्केल वापरतात, यूडीआयडी कार्ड (अपंगांचं ओळखपत्र) निघतं, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं हेल्थ कव्हर आहे, एवढं तोंडपाठ ठेव. बाई तुला आपला दिवस उघडून दाखवते, तू तिला निदान एक काम होईल एवढं तरी देऊन ये. आणि कोणी रडायला लागलं तर थांबायचं, डेटा गेला तर गेला, आणि काउन्सिलरचा नंबर आधीच खिशात पाहिजे.

आता नोकरी. घे, पण आज सही करू नकोस. तीन गोष्टी लेखी विचार. आठवड्यातले निदान दोन अर्धे दिवस पेडियाट्रिक ओपीडी मिळेल का, कारण मुलं बघायची बंद झालेली पेडियाट्रिक्सची मास्तरीण चार-पाच वर्षांत जुने किस्से सांगायला लागते. पीएचडीसाठी रजा आणि फील्डवर्कचे दिवस धरणार का, की सगळा वेळ इन्स्पेक्शनच्या फायलींत जाणार. आणि कॉलेजच्या वेळेबाहेर प्रॅक्टिसला परवानगी आहे का. पगार कमी आहे हे तू लाजत लाजत लिहिलंयस, लाजू नकोस, घराचा हप्ता रिसर्चने फिटत नाही. पहिल्या दोन वर्षांची जमाखर्चाची वही मांड नवऱ्याबरोबर, फील्डवर्कचं पेट्रोल आणि इंटरव्ह्यू उतरवून घ्यायचा खर्च धरून. ‘तुझं तू ठरव’ म्हणणारा नवरा चांगला असतो पण हप्ता तारखेलाच जातो. ओपीडी आणि रजा दोन्हीला नाही म्हणाले तर ही जागा सोड, दुसरी येईल, पेडियाट्रिक्सची माणसं कॉलेजांना लागतातच.

राहिली तुझी मुलं. नोटीस सेंटरला एक महिन्याची असेल, पण मुलांच्या घरच्यांना त्याच्या बरंच आधी सांग, आणि तूच सांग, रिसेप्शनवरून कळायला नको. जी नवी थेरपिस्ट येणार तिच्याबरोबर प्रत्येक मुलाची काही सेशन एकत्र घे, आधी ती नुसती खोलीत बसेल, मग एखादा खेळ ती घेईल, मग तू बसशील. प्रत्येकाचं एक पान लिहून ठेव, स्कोअर नाही, तर कुठल्या गाण्यावर शांत होतो, कुठला झोपाळा नको असतो, चप्पल आधी काढायची की बॅग आधी ठेवायची. मुलाच्या हातात फोटोंचं कॅलेंडर दे, तुझे दिवस तुझ्या फोटोने, पुढचे नव्या ताईच्या. काही मुलं तरी बिघडतील थोडे दिवस, आयांना आधीच सांगून ठेव की हे होणार आणि यात तुमचं काही चुकलेलं नाही. कॉलेजात जॉइन व्हायची तारीख या सगळ्याच्या हिशोबाने माग, ते सोमवारपासून या म्हणाले तरी.